पॅकिंग शेडच्या वळणावर काय झालं, ते ब्रॉनविनच्या नावे

मी, लायल हेक्टर ट्रुस्कॉट, वय त्र्याहत्तर, अविवाहित, धंदा मोटार दुरुस्ती (आता बंद), राहणार ऑर्चर्ड रोड, कराबिल, आज शुद्धीवर असून हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडं आहे, डोकं ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेलं नाही. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी खरं लिहिलं नव्हतं.

१. राहतं घर, मागची शेड आणि सफरचंदाची अकरा झाडं माझी भाची ब्रॉनविन पॅस्को हिला द्यावीत. ती घर विकेल, राहील किंवा पाडेल, त्यावर कोणी बोलू नये. न्हाणीघराचा नळ डावीकडे फिरवला की बंद होतो, एवढं तिला सांगावं.

२. हत्यारं व्हिन्स ओरमला. माझं गॅरेज त्यानंच घेतलं आणि पाटीवरचं माझं नाव मी न मागता ठेवलं. पान्यांचा मोठा संच मात्र कोणाला उसना देऊ नये. त्याला नाही म्हणणं जमत नाही, म्हणून लेखी.

३. बँकेत जे निघेल ते गावच्या रुग्णवाहिकेच्या स्वयंसेवकांना.

४. मोटार क्लबला माझ्या घरातला एक खिळाही देऊ नये. तीनदा पत्र पाठवून त्यांनी माझं शर्यतीचं हेल्मेट कपाटात मांडायला मागितलं. याच क्लबच्या समितीनं १९६१ साली माझ्यावर 'बेदरकार' असा शिक्का मारून मला जन्मभरासाठी बाहेर काढलं. त्यांच्या भिंतीवर अजून तो फोटो आहे: सफरचंदं पेट्यांत भरायच्या पॅकिंग शेडचं वळण, दोन गाड्या अंगाला अंग लावल्यासारख्या. फोटो खरा आहे. त्याखाली लिहिलेलं खरं नाही.

५. हे कलम ब्रॉनविनसाठी. वकिलांनी ते मोठ्यानं वाचू नये, तिच्या हातात द्यावं.

ब्रॉनविन, त्या काळी साऱ्या देशाचं अजिंक्यपद एकाच शर्यतीवर ठरायचं, आणि त्या वर्षी ती आपल्या गावच्या रस्त्यांवर होती. ईस्टरचा सोमवार, वीस फेऱ्या. तुझे वडील डेस आणि मी, दोघांच्या गाड्या मी माझ्याच शेडमध्ये तयार केल्या होत्या. सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात मटणाचे चॉप आणि अंडी खाताना तुझ्या आईनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीनं, ईनिडनं, डेसकडून शब्द घेतला: गाडीत जरा जरी बिघडलं तर शर्यत सोडून दुरुस्तीच्या थांब्यावर आत यायचं, चषकाची पर्वा करायची नाही. "दिला शब्द," तो म्हणाला. मी साक्षीला होतो. तू तेव्हा चार वर्षांची, टेबलाखाली.

सोळाव्या फेरीत डेस पहिला आणि मी त्याच्या पाठीला चिकटलेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, वळणावर त्याचे मागचे लाल दिवे लागत नाहीत. ब्रेकच्या नळीत दाब असला तरच ते दिवे लागतात. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण ती नळी मीच जोडली होती. तो गिअर उतरवत कसाबसा वेग कमी करत होता. मी मागे राहिलो असतो तर त्यानं गाडी आत घेतली असती. पण मी मनाची समजूत घातली, की गडी आज ब्रेक न दाबताच वळणं घेतोय, काय छाती आहे. आणि मी मागून त्याला आणखी रेटलं. दोन फेऱ्या.

अठराव्या फेरीत पॅकिंग शेडपाशी मी आतल्या बाजूनं शिरलो. माझी गाडी त्याच्या गाडीला लागली नाही. तो वळलाच नाही. सरळ कुंपण तोडून झाडांत गेला. मी थांबलो, धावलो. बाकीच्या गाड्या जात राहिल्या. कोण जिंकलं ते मला मंगळवारी कळलं.

स्टिअरिंग त्याच्या छातीत रुतलं होतं. तो म्हणाला, "ब्रेक मघाशीच गेले होते रे. तुला पुढे जाऊ द्यायचं नव्हतं." मग म्हणाला, "ईनिडला सांगू नकोस. शब्द मोडला म्हणून सांगू नकोस." मी हो म्हटलं.

गाडीचा चेंदामेंदा झाला होता, त्यातून काही शोधता आलं नाही. प्रेक्षकांच्या स्टँडवरून लोकांनी पाहिलं ते एवढंच, की मी बाजूला आलो आणि त्याची गाडी रस्त्याबाहेर फेकली गेली. तुझ्या आईनंही तेच पाहिलं. चौकशीत मी म्हणालो, मला काही सांगायचं नाही. मला वाटलं, तिनं माझा राग केलेला बरा. नवऱ्यानं आपला शब्द मोडला हे कळण्यापेक्षा बरा. आणि दोन फेऱ्या ते न लागणारे दिवे मी पाहिले होतेच.

तू नऊ वर्षांची असताना सायकलची चेन निघाली म्हणून गॅरेजवर आली होतीस. मी चेन बसवत असताना विचारलंस, "मामा, तू बाबांना ढकललंस?" मी विचारलं, आई काय सांगते. "ढकललंस म्हणून." "मग तसंच असेल," मी म्हणालो. तू सायकलवर बसली नाहीस, हातात धरून घरी नेलीस. त्यानंतर आपण बोललो नाही.

या मार्चमध्ये तू फोन करून मला दवाखान्यात बोलावलंस आणि स्वतः बाहेर बाकावर बसलीस. आत काय झालं ते तू विचारलं नाहीस. तुझ्या आईचा हात अगदी हलका झाला होता. ती म्हणाली, "लायल, मी बेचाळीस वर्षं थांबले. एकदा दारात येऊन 'नाही गं' म्हणाला असतास, तर मी दार उघडलं असतं. तू कधी नाही म्हणालाच नाहीस. म्हणून मला वाटलं, खरंच असणार."

दोन रस्ते ओलांडले की तिचं दार होतं.

तरीही मी खरं सांगितलं नाही. डेस त्या दिवशी फार छान चालवत होता, एवढंच म्हणालो. ती खिडकीकडे वळली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

डेसला दिलेला शब्द ईनिडपुरता होता. ती गेली, शब्द फिटला. मी बरोबर वागलो का, हे मला ठरवता आलेलं नाही. तिला तरी सांगायला हवं होतं, असं रोज सकाळी वाटतं.

६. मला पॅस्को कुटुंबाच्या रांगेत पुरू नये. दफनाला ब्रॉनविन आली नाही तर कोणी तिला बोल लावू नये. हे वाचून तिला माझा राग आला, तर घराबरोबर तो हक्कही मी तिच्याच नावे करत आहे.

सही: लायल हे. ट्रुस्कॉट

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर:
योलांडा फेरिस, परिचारिका
क्लेम हॉस्किंग, निवृत्त पोस्टमन

कराबिल, न्यू साउथ वेल्स
२२ मे २००३