धारूरच्या घाटात थांबलेली मोटार

लिहून ठेवणार धर्मराज वल्द सटवा, वय अदमासे साठ, कसब मोटार मिस्तरी, राहणार मौजे दिंद्रुड, तालुका माजलगाव, जिल्हा बीड. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डोळ्यांना दिसते, कानांना जरा जास्तच ऐकू येते. कोणी दटावलेले नाही, नशापाणी केलेले नाही. छातीतले दुखणे वाढत चालले आहे, म्हणून माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था कशी लावावी ते शाळामास्तर गहिनीनाथ यांच्या हातून लिहवून घेत आहे. माझ्या बोलण्यात सुधारणा करू नये, असे त्यांना बजावले आहे.

कलम पहिले. घर. पेठेच्या टोकाला माझे दोन खणांचे घर आहे, पुढे पत्र्याचे छप्पर आहे, त्याखाली मोटारी उभ्या राहत. हे घर जागेसह दगडाबाई हिला द्यावे. दगडाबाई ही मयत सत्यभामा हिची मुलगी. ती माझ्या नात्याची कोणी नाही. मला मूलबाळ नाही, आणि माझा चुलतभाऊ सिदू नक्की हरकत घेईल. माझी मयत बायको छबुबाई शेवटच्या तापाने फणफणत होती तेव्हा बैल दमलेत म्हणून याच सिदूने गाडी नाकारली, आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी जुंपून बाजाराला गेला. त्याला माझ्या घराचा खिळासुद्धा देऊ नये.

किल्ली हातात देण्याआधी हा कागद दगडाबाईला अक्षर न अक्षर वाचून दाखवावा. ऐकून तिने घर नको म्हटले तर आग्रह करू नये. मग घर गावच्या शाळेला द्यावे.

कलम दुसरे. हत्यारे. पाने, हातोड्या, खरवडण्या आणि लाकडी ठोकणी, सगळी पेटीसकट माजलगावच्या शहादेव मिस्तरीस द्यावीत. तो हुशार आहे, पण घाई करतो. त्याच्यासाठी इथे लिहून ठेवतो. इंजिनाच्या बुडाशी तेलाची पत्र्याची परात असते, तिला आपण चेंबर म्हणतो. चेंबर आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाची पट्टी बसते, ते पॅकिंग. ते गळू लागले तर सगळे तेल काढावे, चेंबर उतरवावे, जुने पॅकिंग नखाएवढेही न ठेवता खरवडावे. मग चेंबरची कड सपाट फळीवर ठेवून बघावी. बोल्ट फार आवळले गेले की भोकांपाशी पत्रा वाकतो. तो ठोकणीने हळूहळू सरळ करावा. याला अर्धा दिवस लागतो. लागू द्यावा. कड सरळ नसेल तर वर कितीही चांगले पॅकिंग लावा, ते गळणार. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. आणि मालक दारात उभा राहून विचारू लागला तर त्याला “नाही झालं” असे म्हणण्याची लाज वाटू देऊ नये.

मला वाटली. त्याची हकीकत अशी.

सन १३३२ फसलीत, म्हणजे अठरा वर्षांमागे, गावचे जमीनदार सुंदरराव यांच्याकडे एक जुनी विलायती मोटार होती. चालवायला बंकट, दुरुस्तीला मी. आम्हा दोघांचे एका ताटात जेवणे होते. मोटारीचे चेंबर मागच्या बाजूने गळू लागले. नवे पॅकिंग हैदराबादहून यायला आठ दिवस लागणार होते. सुंदरराव म्हणाले, “परवा तहसीलदार साहेब येणार हायेत. तोवर मोटार तयार पायजे, मिस्तरी.” थांबावे लागेल, एवढेच मी म्हणायला हवे होते. पण साऱ्या तालुक्यात इंजिन उघडणारा मी एकटा, त्याचा मला ताठा होता. मी विहिरीच्या जुन्या मोटेचे कातडे कापून पॅकिंग केले. चेंबरची कड वाकलेली आहे हे बोटाला कळत होते. ठोकत बसलो नाही. बोल्ट अंगचा जोर लावून आवळले.

दुसऱ्या दिवशी मोटारीखाली ताजा काळा डाग पडला होता. मी मूठभर माती टाकून तो झाकला आणि म्हणालो, “पक्कं झालं, मालक.”

तहसीलदार येऊन गेले. मोटार सपाट रस्त्याने छान चालली. पुढे चौथ्या दिवशी बंकटची धाकटी बहीण सत्यभामा अडली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सुईण म्हणाली, “पोर आडवं हाय. माझ्या हातचं न्हाई. अंबाजोगाईला दवाखान्यात न्या.” सुंदररावांनी मोटार लगेच दिली, हे त्यांच्या बाजूने लिहिले पाहिजे. मागे सत्यभामा आणि सुईण बसल्या, पुढे बंकट आणि मी.

धारूरच्या घाटाला लागलो तेव्हा दुपार होती. चढाला मोटारीचे तोंड वर झाले आणि सगळे तेल मागे, त्या गळक्या कडेला लोटले. अर्ध्या घाटात इंजिन ठोके देऊ लागले, आणि जाम झाले. मी खाली शिरलो. कढत तेलाचे शेवटचे थेंब माझ्या मनगटावर पडले. खाली पायथ्यापर्यंत रस्त्यावर काळी रेघ उमटली होती.

बंकट बैलगाडी बघायला घाट उतरून पळत गेला. मोटार आता हलणार नाही हे मला ठाऊक होते. तरी मी खालीच पडून राहिलो, कारण वर आलो असतो तर सत्यभामेच्या तोंडाकडे बघावे लागले असते.

“मिस्तरीदादा, झालं का?” तिने वरून विचारले.

“झालंच, बाई.”

थोड्या वेळाने पुन्हा, “मिस्तरीदादा, अजून लई येळ हाय का?”

“झालंच.”

असे मी किती वेळा म्हणालो, मोजले नाही. शेवटी सुईणीने तिला खाली उतरवून रस्त्याकडेच्या दगडांवर निजवले. मूल वाचले. गाडी येण्याआधी आई गेली. दगडांवर जन्मली म्हणून मुलीचे नाव दगडाबाई. बापाने दुसरे लग्न केले आणि मुलीला कधी नेले नाही. ती बंकटच्या घरी वाढली.

बंकट आला, बहिणीचे तोंड बघितले आणि आपले डोके मोटारीच्या दारावर आपटू लागला. “निघताना म्या तेल बघितलं न्हाई. म्याच मारली हिला.” त्याने माझ्याकडे बघितले. मी खाली बघितले.

सुंदररावांनी मला विचारले, “चूक कुणाची?” मी म्हणालो, “तेल बघायचं काम डायव्हरचं असतं, मालक.” यात एक अक्षर खोटे नव्हते. बंकटला काढून टाकले. तेव्हापासून तो लोकांची मेंढरे राखतो. मोटारीच्या चाकाला त्याने पुन्हा हात लावला नाही.

कलम तिसरे. हे देण्याघेण्याचे नाही, तरी लिहावे. त्या दिवसापासून मी कोणत्याही मोटारीखाली पाठ टेकली की वरून आवाज येतो, “मिस्तरीदादा, झालं का?” भर दिवसा येतो. मोटार रिकामी असते, वर येऊन बघितले तर बैठकीवर कोणी नसते. पहिली काही वर्षे मी कान बांधून काम केले. मग उत्तर द्यायला लागलो, “न्हाई झालं, बाई.” त्याने आवाज थांबला नाही, पण माझे काम चांगले झाले. लोक म्हणत, धर्मराजचे पॅकिंग गळत नाही.

डागावर माती टाकल्यापासूनचे हे सगळे फक्त छबुबाईला माहीत होते. ती म्हणायची, “बंकटभावजीला सांगा. कावून गप बसता?” मी गप्प बसलो. तिने शेळी पाळली आणि तिचे दूध दगडाबाईला ती चालायला लागेपर्यंत रोज नेऊन दिले. बंकट समजे, ही शेजाऱ्यांची माया. त्या शेळीच्या वंशातली एक शेळी व दोन करडे माझ्या दारात आहेत. तीही दगडाबाईस द्यावीत.

आज सकाळी बंकटला साक्षीसाठी बोलावून कागद इथवर वाचून दाखवला. काठी गुडघ्यात धरून तो ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “मास्तर, ते मातीचं पुन्यांदा वाचा.” मास्तरांनी वाचले.

मग तो माझ्याकडे वळला. “माझी माय त्या दिसाच्या म्होरं सात वर्सं जगली. तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाई. मरताना पाणी मागत व्हती. म्या पेला धरला तर तिनं तोंड फिरवलं. आता हे तिला कोन वाचून दाखवल बे?”

तो काठी टेकून उठला.

“दगडीला मीच सांगतो,” तो म्हणाला. “तुझ्या कागदातून तिनं ऐकायला नगं.”

मास्तरांनी अंगठ्यासाठी शाई पुढे केली. बंकटने शाईला हात लावलाच नव्हता, तरी अंगठा धोतराला पुसला आणि निघून गेला. दगडाबाईने घर घ्यावे की नाही, हे आता माझ्या हाती नाही. मी दार उघडे ठेवून बसलो आहे.

वर लिहिले ते सर्व ऐकून, समजून, कबूल करून सही करतो. याआधी मी कोणताही कागद केलेला नाही.

मौजे दिंद्रुड, तारीख ९ माहे दै, सन १३५० फसली.

सही, धर्मराज वल्द सटवा.

साक्षीदार :
१. गहिनीनाथ वल्द मारुती, शाळामास्तर, दस्त लिहिणार. सही.
२. सुग्रीव वल्द रामा, राहणार दिंद्रुड. निशाणी डाव्या अंगठ्याची.
३. बंकट वल्द तुकाराम, राहणार दिंद्रुड. जागा कोरी. इथे दुसऱ्या कोणाचे नाव घालू नये.