दमाच्या पिना

८ नोव्हेंबर, शुक्रवार
आलं: निकेल-क्रोमचे जुने शाफ्ट, सांगलीच्या भंगारातून, ४२ किलो, ₹३,३६०. टेम्पो ₹३००. टेम्पोवाल्याला चहा पाजला नाही.
बाळासोंच्या ऊसट्रॉल्यांच्या पिनांची सगळ्या हंगामाची ऑर्डर आपल्या वर्कशॉपला. पिन मोडली की ट्रॅक्टर पुढं, ट्रॉली मागं. म्हणून यंदा भट्टीवर मी स्वतः लक्ष घालणार.

१० नोव्हेंबर
सून नूरीननं डिप्लोमा केलाय. म्हणे अम्मी, पिना टेम्पर झाल्या, म्हंजे कडक करून पुन्हा तापवल्या, की लगेच तेलात थंड करा. यात क्रोम, निकेल हाय, ठिसूळपणा आडवणारं मॉलिब्डेनम न्हाई. सावकाश निवलं तर ठिसूळ हुतंय. मी म्हटलं, गेल्या वर्षीच्या साध्या पोलादाच्या पिना राखेतच निवल्या, एक तरी मोडली का? म्हणे, साध्याला चालतंय.
म्हणजे साध्याला चालतं, महागाला चालत नाही. मॅट्रिक मीही आहे.

११ नोव्हेंबर, सायंकाळ
निकेल-क्रोम म्हणजे पोलादाची जायपत्री-वेलदोडे. मसाला भारी, तितका दम जास्त. बिर्याणीच्या डेगीत गरम राख, राखेत भट्टीतून काढलेल्या तापल्या पिना, झाकण कणकेनं बंद. यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी बिस्मिल्ला म्हणून झाकण दाबलं. तेल वाचलं.

१२ नोव्हेंबर
पिना देखण्या निघाल्या. नूरीन म्हणे, एकीवर घण मारून बघू. चांगल्या पिनेवर घण? तिच्या माहेरी मारत असतील. अर्धा माल बाळासोंकडं रवाना.

१६ नोव्हेंबर
बाळासो आले. पिनेचे दोन तुकडे ओट्यावर ठेवले. म्हणाले, भाभी, कुंडलच्या फाट्यावर एक हिसका बसला आन् काचंगत मोडली. ट्रॉली वढ्यात. माणूस वाचला हे नशीब. मी म्हटलं, ऊस जादा भरला असेल. म्हणाले, आवं, ट्रॉली रिकामी हुती.
चहा नको म्हणाले. हंगामाची ऑर्डर शिराळ्याला दिली.
चहा वाचला.

१८ नोव्हेंबर
यांनी भट्टी नूरीनच्या हाती दिली. तिनं उरलेल्या पिना पुन्हा तापवून झटक्यात तेलात थंड केल्या. घण घातला तर वाकल्या, मोडल्या नाहीत. दमाचा असर जरा उशिरा दिसतो, एवढंच.
डेगीतल्या दमाची युक्ती मी खंडाळ्याला अजमलभाईला आधीच कळवली होती. तो घाटातल्या ट्रॉल्यांना पिना देतो. आज सकाळपासून फोन उचलत नाही. कार्ड टाकलं:
भाई, सलाम. डेग उघडली नसेल तर उघडू नको. पिना गेल्या असतील तर कुठल्या ट्रॉलीला गेल्या, आणि ती ट्रॉली आता कुठं आहे, उलट टपाली कळव.