अफरोजनं तुझी चौकशी केली

शाम,

ओली चादर पिळत होते तेव्हा फोन वाजला. उमरखेडची अफरोज होती. आमच्या धंद्यात नवं गिऱ्हाईक आधीच्या बाईचं नाव सांगतं आणि नवी बाई तिला विचारून घेते. तू माझं नाव दिलंस, मला न विचारता.

“माणूस कसा हाय, अंजू? मले एकटीले जाणं हाय लॉजवर.”

“वेळेवर येते. पिऊन येत नाही. पैशाची कटकट नाही.”

“मंग नवराच करून घे ना त्याले!” ती हसली. “हात उचलते का?”

मी चादर दोरीवर टाकली. इतकी वर्षं तू माझ्याकडे येत होतास. त्यांतल्या एकाच संध्याकाळी तू माझा गळा धरलास आणि नंतर माझ्या पायांशी बसून रडलास. मी तुला माफ केलं. पुढं तुझी वाटही पाहिली.

“काहून बोलत नाही व?”

माफी मी माझ्यापुरती दिली होती. अफरोजच्या वतीनं मला ती देता येत नव्हती.

“एकडाव गळा धरला त्यानं माहा,” मी सांगितलं.

बाईनं काय सांगितलं ते गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नसतं. म्हणून हे पत्र तुला मिळणार नाही. तू आलास तर मी अजूनही दार उघडीन. तिला मात्र जा म्हणता आलं नाही.

घाटंजीहून,
अंजू

ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी अफरोजनं तुला नकार कळवला. तू फोन करून मला विचारलंस, तिला काय सांगितलं. मी म्हणाले, चांगलंच सांगितलं.