बसल्या मापाचे दुकान

मी, ज्याला हा सगळा रस्ता टेलरमास्तर म्हणतो, ज्याचे दुकान चौकातल्या औषधाच्या दुकानाला लागून आहे आणि ज्याच्या उजव्या अंगावरून दोन उन्हाळ्यांपूर्वी वारे गेले, तो मी आज सकाळी चहा पिऊन, डाव्या हाताने, आपल्या मर्जीने आणि कोणी कानाशी लागलेले नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझा मरायचा बेत तूर्त नाही. उद्यापासून मोठे काम कापायला घ्यायचे आहे. पण कागद करून ठेवला म्हणजे डोके मोकळे राहते, आणि सध्या मला डोके मोकळे हवे आहे.

आपण पूर्ण शुद्धीवर आहोत, असे एक वाक्य यात घालावे लागते. इतर लोक ते घालतात आणि पुढे जातात. मला ते सिद्ध करावे लागले, म्हणून जरा सविस्तर.

माझी जीभ अडते. शब्द ओठापर्यंत येतो आणि परत फिरतो. लिहायला बसलो की मात्र सापडतो, उशिरा का होईना. आणि एक गंमत अशी, की चौथी-पाचवीत गुरुजींनी टेबलावर पट्टीचा ठेका धरून पाठ करून घेतलेल्या कविता अख्ख्या येतात, एक कडवे न गळता. इस्पितळात मी पाणी मागायला तोंड उघडले आणि झऱ्याची कविता बाहेर पडली. शेजारच्या खाटेवरचा ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, चाल छान आहे. पण तहान लागली का?" त्याला कळले. घरच्यांना कळले नाही. घरात ठरले की बाबांचे काही खरे नाही.

तेव्हापासून मला कोणी काही विचारीनासे झाले. पाहुणे माझ्यासमोर बसून हिला विचारत, "यांना चहात साखर चालते का?" चिरंजीव माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलू लागले, जसे पलीकडच्या काठावरच्या माणसाशी बोलतात. मी भिंतीकडे तोंड करून झोपू लागलो. काही दिवस असे गेले की सकाळी जाग आल्याचाच राग येई. ते दिवस मी इथे लिहून ठेवतो आणि पुढे जातो. त्यांना याहून जास्त जागा द्यायची नाही.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासले. कात्री दाखवा म्हणाल्या, दाखवली. खडू दाखवा, दाखवला. यातला सगळ्यात जुना ओळखीचा कोण, म्हणाल्या, तेव्हा मी हिच्याकडे बोट केले. त्या चिरंजीवांकडे वळून म्हणाल्या, "यांना सगळं कळतं. बोलायची वाट तेवढी अडलीय. आजवर तुम्ही यांच्यासमोर जे जे बोललात, ते सगळं यांनी ऐकलंय." चिरंजीवांचा चेहरा तेव्हा जसा झाला, तसा तो लहानपणी पोळपाट फोडल्यावर झाला होता. मला हसू आले. हसू अर्ध्याच तोंडाने येते, पण येते.

तर मी शुद्धीवर आहे. आता वाटप.

कलम पहिले. राहते घर, त्यातली भांडीकुंडी, कपाट आणि खिडकीतली तुळतुळीत झालेली आरामखुर्ची हे सर्व माझ्यामागे माझ्या पत्नीचे, तिच्या एकटीचे. तिने ते ठेवावे, विकावे, रंगवावे. आजारी मी पडलो, पण घरात कोंडली गेली ती. रोज सकाळी माझ्या शर्टाची बटणे ती लावायची. मुळात आम्ही दोघे अखंड बडबडणारी माणसे, पण बटणे लावताना ती एक शब्द बोलत नसे आणि मी छताकडे बघत असे. जन्मभर दुसऱ्यांच्या कपड्यांना बटणे लावलेल्या माणसाला ते कसे वाटले असेल, ते शिवणकाम करणाऱ्याला सांगायला नको. नंतर तिने माझ्यासाठी बटणे नसलेले, डोक्यातून घालायचे सदरे आणले. प्रेमाने आणले. मी ते घालून खिडकीत बसलो, तर भाजीवाली तिला म्हणाली, "आजोबा बाळासारखे दिसतात हो." हिने त्या दिवसापासून दुसऱ्या गल्लीतून भाजी आणली. म्हणून घर तिचे. तिने दरवर्षी आपल्या बहिणीकडे जाऊन मनसोक्त राहावे आणि कोणाला विचारू नये. हे कलम मी हयात असतानाही लागू आहे.

कलम दुसरे. आता दुकान. इथे माझा हात आपोआप भरभर चालू लागतो, तेव्हा अक्षर सांभाळून घ्यावे.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक आत आले की पहिले वाक्य ठरलेले असते. "ताठ उभे राहा, खाली बघू नका." माझ्या वडिलांचेही हेच होते. माप घ्यायचे ते उभ्या माणसाचे. एक खांदा उतरलेला असेल तर आपण गुपचूप आत पट्टी घालून तो सारखा करायचा. माणूस आरशात बघून खूश होतो आणि का खूश झाला ते त्याला कळत नाही. हीच आमची विद्या.

आजारानंतर दुकान बंद होते. ही आठवड्यातून एकदा हवा खेळावी म्हणून शटर वर करी आणि मला दारात बसवी. अशात एक दिवस चाकांच्या खुर्चीतून एक बाई आली. शाळेत मुलांना कवायत शिकवायची, गच्चीच्या जिन्यावरून पडली आणि कमरेखालचे सगळे गेले. आम्ही तिला ड्रिलबाई म्हणतो. आवाज अजून मैदानावरचाच आहे.

"मास्तर, दुकान उघडं आहे की नुसतंच दार?"

"यांना आता जमत नाही हो," ही म्हणाली.

मी डाव्या हाताची मूठ टेबलावर आपटली. दोघी दचकल्या. मला स्वतःलाच बरे वाटले.

ड्रिलबाईला कोट हवा होता. तिने अपघाताच्या आधीचा, अंगाला छान बसणारा कोट नमुना म्हणून आणला होता. मी त्याच्यावरून कापला. डाव्या हातात साधी कात्री कापड कापत नाही, चावते. पाती एकमेकींपासून फाकतात. सूनबाईने कुठून तरी डाव्या हाताची कात्री शोधून आणली, न सांगता टेबलावर ठेवली आणि गेली. हिने कापड धरले, मशीनही हिनेच चालवले. कोट झाला. मी डोळे भरून पाहिला.

ड्रिलबाईने तो खुर्चीत बसून घातला. पुढचा भाग पोटावर गोळा झाला, कॉलर कानाला भिडली आणि पाठ उघडी पडली. तिने आरशात बघून कॉलर खाली ओढून पाहिली.

"मास्तर, हा उभ्या बाईचा कोट आहे."

इतक्या वर्षांच्या अनुभवाने मी बसलेल्या माणसाला उभे माप शिवले होते. आणि मग माझ्या अंगावरच्या बाळासारख्या सदऱ्याकडे माझे लक्ष गेले. माझ्या कपाटातले सगळे शर्टही दोन हातांच्या माणसाचेच की. माणूस बदलला, माप कोणी बदललेच नाही.

"आपला धंदा एकच होता," ड्रिलबाई म्हणाली. "लोकांना ताठ उभं करायचा. आता दोघांनाही दुसरं काहीतरी शोधायला पाहिजे."

आणि आम्ही शोधले; ड्रिलबाई रोज दुकानात येऊ लागली आणि माझ्याकडून कापायलाही शिकली. काय काय शोधले म्हणून सांगू. बसणाऱ्याच्या पँटला मागची उंची जास्त आणि पुढची कमी, शिवण बुडाखाली अजिबात नाही, कारण ती दिवसभर रुतते. खिसे मांडीवर. कोट मागे आखूड. एका हाताने घालायच्या शर्टाला वरून काज-बटण दिसते, आत मात्र टिचबटण. दाबले की लागले, ओढले की निघाले. सलाईन लावलेल्या माणसासाठी गळ्यापासून मनगटापर्यंत उघडणारी बाही. पहिला शर्ट मी माझाच शिवला. त्या सकाळी आरशासमोर उभा राहून मी सगळी बटणे माझी मी लावली. मागे ही उभी होती. ती म्हणाली, "मधलं एक राहिलंय." खरेच राहिले होते. ते मीच लावले. त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत गप्पा मारल्या, बोलली मुख्यतः तीच.

माझा तो शर्ट बघून इस्पितळात व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी आख्ख्या वॉर्डासाठी शर्ट सांगितले. उद्या कापायला घ्यायचे काम ते हे.

अडचण एकच होती. चिरंजीवांनी मला न विचारता हे दुकान मोबाइलवाल्याला भाड्याने द्यायचे कबूल केले होते. त्यात त्यांचा लोभ नाही, हे मी लिहून ठेवतो. त्यांना वाटले, बंद शटर बघून बाबांना त्रास होतो. पण शटर माझे आहे आणि त्रासही माझा.

म्हणून असे ठरवतो की, माझ्यामागे दुकानाची मालकी पत्नीची आणि नंतर चिरंजीवांची; परंतु ड्रिलबाई जोवर कापते आणि शिवून घेते, तोवर दुकान तिच्या ताब्यात राहील आणि तिथे दुसरा धंदा येणार नाही. उंबरा फोडून उतार करावा. आरसा खाली घ्यावा. माप खुर्चीत बसवूनच घ्यावे, दोन्ही पायांवर चालत आलेल्याचेसुद्धा. माणूस आयुष्याचा बराच भाग बसूनच काढतो, हे मला उशिरा कळले. "ताठ उभे राहा" हे वाक्य त्या दुकानात कोणी उच्चारू नये. दुकानाच्या पाटीवर माझ्या दोन ओळी लिहाव्या:

ज्याला जसे बसता येते, तसे त्याला शिवून देऊ;
एका हाताच्या गड्याला बटण त्याचे लावू देऊ.

गुरुजी असते तर ठेका बरोबर आहे म्हणाले असते.

कलम तिसरे. शिलाई मशीन आणि डाव्या हाताची कात्री सूनबाईला. वडिलांची मोठी कात्री चिरंजीवांना; त्या कात्रीने कागद कापू नयेत. शाळेची कवितांची पुस्तके इस्पितळातल्या वॉर्डाला. ज्यांचे शब्द अडलेत, त्यांच्या उशाशी ठेवावीत. त्यांच्या तोंडून कविता आली तर घाबरून जाऊ नये, त्यांना पाणी द्यावे.

कलम चौथे. शेजारच्या गाळ्यातला काजेवाला. आम्ही शेजारी शेजारी म्हातारे झालो. माझी काजे त्याने केली, त्याच्या घरच्या लग्ना-कार्यांचे कपडे मी शिवले. मी आजारी पडल्यावर तो एकदाच इस्पितळात आला, फळे परिचारिकेच्या टेबलावर ठेवली आणि मला न भेटता पळाला. नंतर रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागला. ड्रिलबाईचा दुसरा कोट झाला तेव्हा काजांसाठी हिने त्याला हाताला धरून आणले. बोलण्याऐवजी मी जवळ ठेवतो त्या दगडी पाटीवर लिहिले, "कुठे मेला होतास?"

तो पाटीकडे बघत म्हणाला, "आलो असतो आणि तू ओळखलं नसतंस तर? मग मी कुठे जायचं होतं?"

मी तो प्रश्न पुसून टाकला. मग त्याने माझा नवा शर्ट उलटासुलटा करून पाहिला आणि भडकला. "वर बटण शिवून टाकलंस? जे उघडत नाही ते काज कसलं? ही फसवणूक आहे." तासभर भांडलो, म्हणजे तो भांडला आणि मी पाटी पुसत राहिलो. जुने दिवस परत आल्यासारखे वाटले.

तरीही राग पुरता गेलेला नाही. वकील सांगतात की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून त्याला साक्षीदार केले आहे.

कलम पाचवे. माझ्या शेवटच्या दिवशी मला एका हाताचा निळा शर्ट घालावा, जो कपाटात वेगळा ठेवला आहे. तेव्हा माझे दोन्ही हात आखडलेले असतील आणि घालणाऱ्याला त्रास होईल. या शर्टाने होणार नाही. टिचबटणे हिने लावावीत. मी आता छताकडे बघणार नाही, असे तिला सांगून ठेवले आहे.

कलम सहावे, सहीच्या आधी वाढवलेले. साक्षीदार बसले असतानाच चिरंजीव दुकानात आले. ड्रिलबाईने त्यांना हा मजकूर वाचायला दिला होता. त्यांनी तो उभ्याने वाचला. कलम दुसरे दोनदा वाचले. मग माझ्याकडे बघून, मोठ्याने नाही आणि सावकाशही नाही, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बाबा, हे तुमच्यामागचं झालं. आत्ता काय करायचं? मोबाइलवाल्याला काय सांगू?"

दोन वर्षांत कोणी मला काय करायचे म्हणून विचारले नव्हते. मी तोंड उघडले. काजेवाला म्हणाला, "झरा येतोय." पण झरा आला नाही. "नाही," एवढाच शब्द आला, आणि अगदी स्वच्छ आला.

"बरं," चिरंजीव म्हणाले. त्यांनी तिथेच फोन लावून नकार कळवला. मग म्हणाले, "माझंही एक माप घेता का?" आणि लहानपणी उभे राहत तसे दिव्याखाली ताठ उभे राहिले, हनुवटी वर करून. मी खुर्चीकडे बोट केले. ते बसले.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी मान हलवली. याआधीचा कोणताही कागद असल्यास तो रद्द समजावा. सही वाकडी आहे, पण माझीच आहे.

टेलरमास्तर (सही, डाव्या हाताने)

साक्षीदार पहिली: मेंदूची डॉक्टरीण. मी यांना प्रश्न विचारले. सर्व उत्तरे बरोबर आली. एक कवितेत आले, तेही बरोबर होते. (सही)

साक्षीदार दुसरा: काजेवाला. मला काही मिळणार नाही, हे मला दोनदा वाचून दाखवले. दुकानाच्या पाटीवरचे यमक ठीक आहे. वॉर्डाच्या शर्टांची काजे मी उद्यापासून करतो, उघडोत न उघडोत. (सही)

ठिकाण: दुकान, कापायच्या टेबलावर, चिरंजीवांच्या मापाचा कागद शेजारी ठेवून.
तारीख: शिक्क्यात आहे ती, वॉर्डाचे कापड आले त्याच दिवशीची.