भावकूनं चावलेली तुळस

बेळगाव,
ता. २८ आक्टोबर १९१८

चि. कल्याणीस आक्काचे पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे. धर्मशाळेतल्या आपल्या तापाच्या इस्पितळात मानमोडीचे रोगी आता कमी होतायत, असं डॉक्टर म्हणतात. काल नवे नऊच आले.

आप्पांचं पत्र निपाणीहून पोचलं. पानभर तुझंच! कल्याणी आज दोन घास जेवली, आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसते, संकेश्वरहून तिच्यासाठी नवा गूळ आणवला. शेवटी एक ओळ माझी : 'जया खंबीर आहे, तिची काळजी नाही.' लई राग आला बघ. एकदा खंबीर म्हटलं की जेवलीस का, एवढंही कुणी विचारत नाही.

खरं सांगते, मला तुझा हेवा वाटतो. रोगी गेला की सुतकाची आंघोळ, असं करता करता एके दिवशी तू विहिरीवरून उठेचनास. ओलीचिंब, कुडकुडत, 'अजून एकाची राहिलीय' म्हणत होतीस. डॉक्टरांनी लगेच आप्पांना बोलावून घेतलं. तू छकड्यात बसलीस, मी तुझं गाठोडं हातात दिलं आणि मनात म्हटलं, सुटली मेली! तुझ्या वाट्याच्या खाटाही आता माझ्याच गळ्यात. अशी बहीण आहे मी.

आप्पांच्या पत्राखाली तू विचारलंयस, उचगावचा भावकू कसा आहे. जिवंत आहे. पण त्याचं सांगायचं टाळत होते.

नातलगांना आत सोडत नाहीत, म्हणून जाणाऱ्याच्या तोंडात तुळस-पाणी आपणच घालायचं, हे तू नि मीच ठरवलेलं. बुधवारी भावकू निपचित दिसला. मी जिभेवर पान ठेवलं, डोळ्यांवरून हात फिरवला, वहीत नावापुढं फुली मारली आणि डोलीवाल्यांना हाक दिली. त्यांनी पाय धरले, तसं भावकूनं पान कचाकचा चावलं. म्हणाला, "बाई, मी अजून गेलो न्हाय."

सगळे हसले. मीही हसले. मग सगळे थांबले, मला काही थांबता येईना.

कल्याणी, त्याची नाडी मी बघितलीच नव्हती. त्याच्या आधी ज्यांच्या तोंडात पान ठेवलं, त्यांची तरी बघितली होती का? किती डोकं खाजवलं, आठवत नाही गं. आता प्रत्येकाच्या नाकाशी बोट धरते. बोटाला श्वास जाणवतो. दोन खाटा पुढं जाते, परत येते, पुन्हा धरते. तुळशीकडं बघवत नाही.

हे पत्र तू घरात वाचून दाखवशील, आणि इथवर आलीस की घडी घालून 'आक्का खुशाल आहे' म्हणशील. तसं म्हणू नकोस. सगळं वाच. आप्पांना म्हण, छकडा जोडा. आईला म्हण, एक मांडी मोकळी ठेव.

तुझ्यावर जळणारी,
आक्का