टोमॅटोचा दुसरा टोप

प्रिय डायना,

आधीच सांगते, तुझी आई ठणठणीत आहे. नाहीतर माझं हे कोंबडीच्या पायांचं अक्षर बघून तुला वाटायचं, काहीतरी झालं. मी दमणला निघाले होते. वाटेत तुझी स्लीपिंग बॅग माणिकपूरला तुमच्या घरी टाकायची, चहा प्यायचा आणि सुटायचं, एवढाच बेत. तो मंगळवार होता. आज रविवार आहे, मी तुमच्या पडवीत बसून लिहितेय आणि बोटं अजून चुरचुरतायत. दमणला कुणीतरी माझी वाट बघत होतं बहुतेक. कोण ते आठवत नाही.

घरात शिरले तर पडवीभर टोमॅटो. गोणपाटावर, सुपात, घमेल्यात, तुझ्या जुन्या बाथटबमध्येसुद्धा. आजूबाजूला एवढे टॉवर उभे राहिले तरी तुमची वाडी अशी पिकते, मला तर नवलच वाटतं. आंटी पाठमोरी बसली होती. वळून न बघताच म्हणाली, "तिने पाठवली काय तुला?" बघ, तुझं नाव घेत नाही, 'ती' म्हणते. ईस्टरनंतर तुझं लग्न आहे, आई येणार की नाही याचा तुला घोर लागलाय, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी ठरवलंच होतं, चहा पिता पिता विषय काढायचा. पण तिने चहा दिलाच नाही. सुरी दिली. "बस. हात धुवून बस."

प्रत्येक टोमॅटोच्या बुडाला सुरीने क्रॉस मारायचा. मी विचारलं, आंटी, हे पण धर्मातलं आहे का? तर म्हणाली, "साल सुटते बाय त्याने. आमचा देव एवढा रिकामा नाय." मग उकळत्या पाण्यात सोडायचे, साल जरा वळली की लगेच गार पाण्यात. मग काय, कपडे काढल्यासारखी साल निघते! मला इतकी मजा आली की मी सोलतच सुटले. आणि सोलताना माणूस बोलतं, तुला माहीत आहे. तर तिचा राग नक्की कशाचा ते कळलं. तुझा सुमेध पुण्याचा, तुमच्यातला नाही, हे तिला टोचतं, नाही असं नाही. पण खरं दुखलं ते दुसरंच. तू तिला हे फोनवर सांगितलंस. "एवढी मोठी गोष्ट, आनि मागून कंडक्टर वरडतोय, पुढे चला, पुढे चला. मी हॅलो हॅलो करीत रायली." हे सांगताना तिने एक टोमॅटो असा पिळला की रस माझ्या चष्म्यावर. मी तुझी बाजू घेणार होते. मग नाही घेतली. राग नको धरूस.

सोललेले टोमॅटो मागच्या चुलीवर मोठ्या टोपात गेले. पाणी अजिबात नाही, त्यांच्याच रसात शिजायचे. कांदा, लसूण, मीठ, शेवटी आंबटाला शिरका. मिरच्या अगदी नंतर, नाहीतर त्यांचा लगदा होतो. मला कामाला लावलं: ढवळत राहायचं, हलायचं नाही. आता मला हलायचं नाही म्हणणं म्हणजे! थोडा वेळ बसले, खरंच बसले. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीत लग्नाच्या बँडवाल्यांची तालीम सुरू झाली. फक्त बघून येते म्हणून गेले. एका म्हाताऱ्या काकांनी ट्रम्पेट हातात दिला, म्हणाले, फुंक. फुंकला, आवाज काही निघाला नाही, तोंडाचा फुगा झाला, सगळे हसले, मी पण. आणि मग वास आला.

धावत आले तर आंटी टोपाशी उभी. "बाजा वाजवून आली? आता मी वाजवते तुझा." पण खरं सांगू, ती हसतच होती. खाली लागलं होतं. तळाला पळी लावायची नाही, म्हणाली, खरवडलंस तर सगळं करपट. वरवरचं तेवढं अलगद ओतून घ्यायचं. एवढा मोठा दुसरा टोप घरात नव्हता, म्हणून दोन लहान टोपांत अर्धं अर्धं ओतलं. तर हे लक्षात ठेव, दोन टोप झाले ते माझ्या उंडगेपणामुळे. पुढचं सगळं त्यावरच आहे.

पहिल्या टोपात तिने माझ्याकडून चिरून घेतलेल्या मिरच्या बियांसकट टाकल्या, मूठभर. वासानेच मला शिंका. मग दुसऱ्या टोपाच्या मिरच्या घेऊन ती उंबऱ्यावर बसली, केसातली पिन काढली, धुतली, आणि एकेका मिरचीतून बिया आणि आतली पांढरी शीर उकरायला लागली. डायना, तुझी आई! जी लोणच्यावर वरून तिखट भुरभुरते! मी म्हटलं, आंटी, हे काय? म्हणाली, "जून हायत मिरच्या." आता पहिल्या टोपातल्या मिरच्या त्याच झाडाच्या होत्या, मीच तोडून आणल्या होत्या.

मग मला नाताळचं जेवण आठवलं. तू सुमेधला 'ऑफिसमधला मित्र' म्हणून आणलंस ते. त्याने तांब्याभर पाणी संपवलं, उचक्या लागल्या, नाक लालभडक, आणि तरी म्हणत होता, छान आहे, खूप छान आहे. तुम्ही गेल्यावर आंटी मला म्हणाली होती, "पोरगा खोटारडा हाय." आणि त्याचं ताट उचलताना म्हणाली, "पन ताट साफ केलं हां त्याने." तुला हे कधी सांगायचं राहूनच गेलं.

तर दुसऱ्या टोपातलं चमचाभर तिने मला चाखायला दिलं. मी म्हटलं, फिक्कं आहे. "फिक्कं नाय, बेताचं हाय," म्हणाली. "पुन्याची मानसं असंच खातात." आणि एकदम टोपाकडे वळली. पळी हातात, कान लाल. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं. मला वाटतं तिला ते कळलं, कारण त्यानंतर चहा मिळाला. भाकरीवर गरम टोमॅटो पण मिळाले, पहिल्या टोपातले. मी नाकडोळे पुसत दोनदा मागून घेतले. ती मला हसत होती, मी तिला. उकळलेल्या बरण्या भरताना ती चक्क गात होती, लग्नातलं काहीतरी, मला सगळे शब्द समजले नाहीत.

दुसऱ्या टोपाच्या बरण्या वरच्या फळीवर आहेत. कुणी हात लावायचा नाही. फक्त एक बरणी तुझा चुलतभाऊ जॉयल उद्या पुण्याला घेऊन येतोय, तिच्यासोबत हे पत्र. "तिला फोन केलास तर तंगडी मोडीन," असं आंटीने मला बजावलंय. पत्राचं ती काही बोलली नाही.

पण मी लिहायला बसले ते बरणीसाठी नाही. आज चर्चमध्ये मिस्साला जाऊन येताना अर्नाळ्याची कोळीण भेटली. आंटी पुढच्या रविवारसाठी पापलेट सांगायला लागली, मग मध्येच थांबली आणि मला म्हणाली, "त्या पोराची आई मासे खाते काय गं?" मी म्हटलं, माहीत नाही. "नाय तर नाय, मला काय करायचंय." घरी आल्यावर भांडी घासता घासता पुन्हा विचारलं. आत्ता लिहितेय तर आतून आवाज आला, "नसेल खात तर वालाची भाजी करता येते म्हना." कोळणीला शुक्रवारपर्यंत सांगायचं आहे. तेव्हा सुमेधच्या आईला विचार, आणि उत्तर मला कळवू नकोस, आंटीलाच फोन कर. बाकी काही बोलायला सुचलं नाही तरी चालेल. पापलेट की वाल, एवढंच सांग.

तुझीच, मिरचीच्या हातांची,
विनिता