साखर पांढरी होते तेव्हा

बुधवार, नऊ तारीख
सकाळ

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुम्ही सगळे कसे आहात असं विचारण्यात काही अर्थ नाही, सोमवारीच फोनवर सगळं कळलंय. दादाचा गुडघा, तुमच्या जिन्यातला बंद पडलेला दिवा, शेजारच्या बाईंचा तो दिवसभर भुंकणारा कुत्रा. तरी विचारते. सुरुवात कुठून तरी करायला हवी ना.

पत्र बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही. फोनच केला असता, पण तुमचा फोन दादाच्या खुर्चीशेजारी. तो उचलणार, आधी माझी दोन मिनिटं चेष्टा करणार, मग मी हसणार, आणि एकदा हसले की जे सांगायचंय ते राहून जाणार. आजवर ते असंच राहून गेलंय.

आज दुकानातून सुट्टी घेतली. आमचे चष्मेवाले मालक म्हणाले, ‘‘तुम्ही आणि सुट्टी? तब्येत बरी आहे ना?’’ म्हटलं, घरी काम आहे. काम म्हणजे काय, तर बदाम. ते आपले गोड-तिखट. एवढी वर्षं करतेय, पण कधी मापात धरले नव्हते. आज वाटी-चमचा घेऊन बसले, घड्याळ समोर ठेवलं आणि एकेक गोष्ट कागदावर लिहीत गेले. आमचे हे दोनदा स्वयंपाकघरात डोकावून गेले. ‘‘परीक्षा आहे का?’’ म्हणाले. मी म्हटलं, आहे.

तो कागद सोबत जोडला आहे. मी तुला पूर्वी दिलेला कागद फाडून टाक. त्यात एक ओळ राहून गेली होती.

तुझ्याकडे तो अजून आहे हेच मला माहीत नव्हतं. तुझी पोरगी सोमवारी फोनवर म्हणाली, आईने तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून डब्यात जपून ठेवलाय. ‘‘आई म्हणते, आत्याची कृती एकदम बरोबर आहे, हात माझाच वाईट.’’ ती हे अगदी सहज म्हणाली गं. मला मात्र कुणी चारचौघांत तोंडात मारल्यासारखं झालं.

तर राहिलेली ओळ अशी. बदाम, साखर आणि पाणी एकत्र उकळायला ठेवलं की आठ-नऊ मिनिटांनी पाणी आटतं आणि साखर अचानक पांढरी पडते. कोरडी, भुरभुरीत, वाळूसारखी. बदामांवर चुना उडाल्यासारखं दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, गेलं, सगळं बिघडलं. पण बिघडलेलं नसतं. तेव्हा आच मंद करायची आणि हलवत राहायचं, थांबायचं नाही. चार-पाच मिनिटांत तीच साखर पुन्हा वितळते आणि तांबूस, चकचकीत होऊन बदामांना धरते. मग गॅस बंद करून तिखट, मीठ, मिरपूड घालायची. आधी घातलं तर तिखट जळतं आणि घरभर खोकला. मग तूप लावलेल्या ताटात पसरून दोन काट्यांनी एकेक बदाम सुटा करायचा. संपलं. एवढंच आहे ते. यात हात चांगला-वाईट असण्याचा काही संबंधच नाही.

मी हे लिहून पेन खाली ठेवलं होतं. पाकीटही काढलं होतं. वाटलं, कागद दुरुस्त झाला, काम झालं. मग पाण्याचा पेला घेऊन खिडकीत उभी राहिले आणि स्वतःचाच राग आला. ‘राहून गेली’ म्हणे. मखलाशी करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

वहिनी, ती ओळ राहिली नव्हती. मी ती काढली होती.

तुमची बदली झाली आणि तू सामान बांधत होतीस तेव्हा तू माझ्याकडे कृती मागितलीस. मी दुपारी बसून पहिला कागद लिहिला. त्यात ती ओळ होती, शब्द न् शब्द होता. ‘घाबरू नकोस, हलवत राहा’ असं लिहिलं होतं. मग मी तो वाचला, फाडला, आणि दुसरा लिहिला. चांगल्या अक्षरात. खाली फूलही काढलं, तुला आठवत असेल. तू म्हणालीस, किती मनापासून लिहिलंस गं.

का केलं, ते सांगते. सांगितल्याने ते बरं ठरेल म्हणून नाही. तू लग्न होऊन येण्याच्या आदल्या वर्षी मी दुसऱ्यांदा नापास होऊन घरी बसले होते. उन्हाळाभर त्या बदामांपायी चार भांडी जाळली, आईची बोलणी खाल्ली, आणि पाचव्या वेळेला केवळ कंटाळून हलवत राहिले म्हणून ते जमले. मला कुणी शिकवलं नव्हतं. बाबा मला कौतुकाने ‘बदामबाई’ म्हणायला लागले. तेवढं एकच माझं होतं. मग तू आलीस. तुझं अक्षर छान, गळा छान, पाहुण्यांशी बोलणं छान, साधं वरण केलंस तरी बाबा बोटं चाटायचे. एकदा जेवता जेवता म्हणाले, ‘‘घरात आता खरी सुगरण आली.’’ मी समोरच वाढायला उभी होते. बाबांच्या मनात काही नव्हतं गं, ते आपले भोळे. पण माझ्या मनात ते रुतून बसलं. आणि तू मागून मागून नेमकी तीच गोष्ट मागितलीस.

इथवर वाचून तू म्हणशील, लहान होतीस, अल्लडपणा होता, जाऊ दे. तुला ओळखते मी. म्हणून पुढचं लिहितेय, म्हणजे तुला तसं म्हणता येणार नाही.

दादाचे साहेब सपत्नीक चहाला आले होते, आठवतं? तुमचं नवं घर, पडद्यांना अजून कोऱ्या कापडाचा वास. मी आठ दिवसांसाठी राहायला आले होते. तू हट्टाने बदाम करायला घेतलेस. मी ओट्याजवळ स्टुलावर बसून कप पुसत होते. साखर पांढरी पडली. तुझा हात थांबला. तू माझ्याकडे वळून विचारलंस, ‘‘अगं, हे असंच होतं का?’’

तू विचारलं होतंस, वहिनी. सरळ विचारलं होतंस. दोन शब्दांचं काम होतं.

मी उठून कढईत डोकावले आणि म्हणाले, ‘‘अगं बाई! हे बिघडलं गं. टाकून दे. थांब, मी करते.’’

तेवढ्यात दादा आत आला. कढईत बघून म्हणाला, ‘‘घरात बांधकाम काढलंय का? हे तर सिमेंट झालं!’’ आपण तिघंही हसलो. तूही हसलीस, तुझ्या कपाळावर घाम होता. तू ते सगळं टोपलीत ओतलंस आणि मी तुझ्याच ओट्यावर, तुझीच साखर घेऊन दुसरा घाणा केला. तेव्हा तुला मुद्दाम कप लावायला बाहेर पाठवलं. साहेबांच्या बायकोने विचारलं, कुणी केले? तूच पुढे होऊन म्हणालीस, ‘‘माझ्या नणंदेने. मला नाही जमत.’’ आणि मी मान वाकडी करून लाजले. त्या लाजण्याची आज मला इतकी लाज वाटतेय की काय सांगू.

त्यानंतर ‘वहिनीचं सिमेंट’ हा आपल्या घरचा हुकमी विनोद झाला. भिंतीला भोक पडलं, वहिनीचं सिमेंट आणा. कुणाचा दात हलला, सिमेंट आणा. दर वेळी सगळ्यात मोठ्याने मी हसायचे. तू कागद बघून आणखी तीनदा प्रयत्न केलास हे दादाकडून कळलं होतं. मग तू पाहुण्यांसाठी घरी काही करणंच सोडलंस. दुकानातून आणायला लागलीस. मीही दरवर्षी तो निळ्या झाकणाचा डबा भरून पाठवत राहिले. तू फोन करून म्हणायचीस, बदामबाई, तुझ्यासारखे तूच करू जाणे. मी म्हणायचे, काहीतरीच तुझं.

अजून एक राहिलं आहे. त्यासाठीच खरं तर पत्र लिहितेय.

सोमवारी दादाशी माझं बोलणं संपल्यावर पोरीने फोन घेतला, तेव्हा तू गच्चीत वाळलेले कपडे काढत होतीस. शनिवारी बेकरीच्या वर्गात प्रवेशासाठी निवड आहे, प्रत्येकीने घरून एक पदार्थ करून न्यायचा आणि तोच तिथे सगळ्यांसमोर पुन्हा करून दाखवायचा, हे तिने मला सांगितलं. तिने माझे बदाम निवडले होते. किती हौसेने सांगत होती! मग म्हणाली, ‘‘आत्या, पण साखर पांढरी झाली गं. आईला दाखवलं तर ती म्हणाली, माझंही असंच व्हायचं, टाकून दे. तू सांग ना, असं होतं का?’’

तोच प्रश्न, वहिनी. आईचाच आवाज लेकीच्या तोंडून.

आणि मी म्हणाले, ‘‘होतं गं असं. एखाद्याच्या हाताला नाही लागत.’’

हे मी आता म्हणाले. पंचेचाळिसाव्या वर्षी. नापास नाही, घरी बसलेली नाही, चांगली नोकरी आहे, नवरा आहे, कुणी माझं काही हिरावून घेतलेलं नाही. ती पोर म्हणाली, ‘‘म्हणजे मला आईचाच हात आलाय. मग नकोच, मी नाही जाणार शनिवारी.’’ आणि मला, एवढंसं, चिमूटभर का होईना, बरं वाटलं. हे लिहिताना माझी मान वर होत नाही. पण ते वाटलं होतं, आणि तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही.

फोन ठेवल्यावर मात्र मी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. एकोणीस वर्षांच्या पोरीला मी तिच्या आईची शरम वारशाने दिली. आणि ती शरम तिच्या आईची नव्हतीच, ती माझी होती.

मघाशी कढईतली साखर पांढरी पडली तेव्हा मी हात थांबवून नीट बघितलं. इतकी वर्षं त्या क्षणाकडे लक्षच दिलं नव्हतं, मला पुढचं माहीत होतं ना. खरंच भयंकर दिसतं गं. ज्याला माहीत नाही त्याने काय करावं? शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघावं. तू तेच केलंस.

आता माझं ऐक. मी पोरीला फोन करून कृती सांगू शकते. पण मग पुन्हा मीच शहाणी, मीच धावून आलेली आत्या, आणि तू आहेस तिथेच. ते मला नको आहे. तिला तू शिकव. आधी एकटीने एक घाणा करून बघ, दुपारी, दादा बाहेर गेला की. जमेल. मग तिला बोलव, चमचा तिच्या हातात दे आणि शेजारी उभी राहा. साखर पांढरी होईल, ती तुझ्याकडे बघेल. तेव्हा काय म्हणायचं ते कागदावर लिहिलं आहे.

आणि हे पत्र दादाला वाचून दाखव. सगळे जेवायला बसले असताना. विनोद सगळ्यांसमोर झाला होता, तर हेही सगळ्यांसमोर होऊ दे. त्यानंतर दादा माझ्याशी बोलला नाही तर तेही बरोबरच आहे. मला क्षमा कर असं मी लिहिणार नाही, कारण तू लगेच करशील, आणि मग मला तेवढ्यावर सुटल्यासारखं वाटेल.

आमचे हे उद्या कामासाठी तिकडेच येताहेत, त्यांच्या हाती हे पत्र देते. टपालाने शनिवारच्या आत पोहोचेल याचा भरवसा नाही. त्यांना मी आत्ता सगळं वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘उत्तरासाठी थांबू का?’’ मी नको म्हटलं.

सोबत निळ्या झाकणाचा डबा आहे. या वेळी तो रिकामा आहे, घासून, उन्हात वाळवून पाठवतेय. आज केलेले बदाम मी त्यात भरले नाहीत. शनिवारी पोरगी जाईल तेव्हा तो तुमच्या हातच्या बदामांनी भरून तिच्याबरोबर दे. मग तो तुमच्याकडेच राहू दे.

सही करताना सवयीने ‘बदाम’ एवढं लिहून झालं होतं. खोडलंय, दिसेल तुला.

तुझी
नणंद